साफसफाईनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला

अवंती_इंदूर :
मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. दिवाळीच्या आवराआवरीत घरातला डेस्कटॉप उघडून साफ केला आणि तेव्हापासून तो सुरू होत नाहीये.

आता काय होतं ते सांगते. मागचा स्विच चालू केला की मदरबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा लागतो. समोरचं बटन दाबलं की पंखे फिरतात, एक-दोन सेकंदांत थांबतात, मग आपोआप पुन्हा फिरतात, पुन्हा थांबतात. बंद करेपर्यंत हेच चालू राहतं. मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीप वगैरे काही ऐकू येत नाही.

मशीन जुनं आहे. इंटेल आय-३, चौथी पिढी, एच८१ बोर्ड, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. विंडोज १० एसएसडीवर आहे आणि शिवाय एक १ टीबीची हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. सफाई नवऱ्याने केली: आधी ब्रश, मग हँड ब्लोअर. रॅम काढून पुसली आणि परत लावली. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला नव्हता.

दुकानात नेलं तर त्यांनी बटन दाबून पाहिलं आणि म्हणाले बोर्ड गेला, या पिढीचे नवे बोर्ड मिळत नाहीत, नवा सेट घ्या.

मला नव्या सेटच्या खर्चापेक्षा दुसरीच काळजी आहे. माझे सासरे कित्येक वर्षं माळव्यातल्या मराठी घराण्यांच्या वंशावळी जमवतायत. लोकांच्या घरी जाऊन जुनी पत्रं, सनदा, मोडी कागद स्कॅन करून आणलेत. सगळं त्या १ टीबीच्या डिस्कवर आहे, आणि बराचसा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असल्यामुळे तो नीट उघडतो तो याच मशीनवर. परवापासून ते जेवायला बसले तरी लक्ष त्या खोलीकडे. बोर्ड खरंच गेला असेल का? आणि घरच्या घरी काय तपासता येईल?

सराफ्याचा_भुट्टा :
इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, आता घरचे कॉम्प्युटरसुद्धा स्पर्धेत उतरले म्हणायचे! वहिनी, हलकं घ्या, सुरू होईल. जाणकार मंडळी येतीलच.

रामबागकर :
सासऱ्यांना आधी हे सांगा की फायली डिस्कवर असतात, बोर्डवर नसतात. बोर्ड खरोखर जळला असला तरी ती डिस्क काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. ३.५ इंची डिस्क असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेलं केसिंग घ्या, नुसत्या यूएसबीच्या करंटवर ती फिरत नाही. आता त्यांना शांतपणे जेवू द्या.

लष्करकर :
मी ग्वाल्हेरचा. आयुष्यभर कॉम्प्युटर आणि यूपीएसच्या दुरुस्तीत होतो, आता निवृत्त आहे. अवंतीताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं काम तिथेच झालंय. दुकानात इतकं जरी कोणी विचारलं असतं तरी 'बोर्ड गेला' हे वाक्य आलं नसतं.

हिरवा दिवा लागतो, म्हणजे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतोय. बटन दाबल्यावर पंखे फिरतात, म्हणजे बटन, त्याची तार आणि एसएमपीएस चालू करण्याचा संकेत, तिन्ही ठीक. आणि पंखे थांबून आपोआप पुन्हा फिरतात, ही खूण सगळ्यांत मोलाची. बोर्ड उठायचा प्रयत्न करतोय, त्याला काहीतरी सापडत नाहीये, म्हणून तो बंद होऊन नव्याने सुरुवात करतोय. मेलेला बोर्ड सहसा असं वागत नाही.

काल चालत होतं, उघडलं, साफ केलं आणि बंद पडलं, अशी केस आली की मी भाग बदलायचा विचार शेवटी करतो. हात कुठे कुठे लागला तिथून सुरुवात करायची. तुमच्या केसमध्ये हात रॅमला लागलाय, म्हणून संशय पहिला तिच्यावर.

क्रम असा ठेवा. मेनचा प्लग भिंतीतून काढा. मग समोरचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. प्रोसेसरजवळ चार पिनांचा एक चौकोनी कनेक्टर असेल, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या तारांचा. प्रोसेसरला १२ व्होल्ट तिथून मिळतात. ब्रश फिरवताना तो किंचित वर येतो आणि बघणाऱ्याला लागलेलाच वाटतो. दाबून बघा, कडी अडकली पाहिजे. २४ पिनांचा मोठा कनेक्टरही तसाच. नंतर बोर्डवर किंवा बोर्डाखाली एखादा स्क्रू पडलाय का ते टॉर्चने बघा. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या खुंट्याही बघा, एक जरी वर आली असेल तरी प्रोसेसर तापून मशीन बंद होतं.

हे सगळं ठीक असेल तर दोन्ही रॅम काढा आणि एक-एक पट्टी एक-एक स्लॉटमध्ये लावून बघा. चार जोड्या होतात. चारही करून बघायच्या, मधली सोडायची नाही. कशात काय झालं ते कागदावर लिहा.

विजयनगरचा_विजू :
भिया, एवढं कशाला? बोर्डवरचा बटन सेल काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. माझा असाच बंद पडला होता, सेल काढला आणि चालू. दहापैकी नऊ वेळा तेच असतं.

लष्करकर :
विजू, सेल काढल्याने चालू होतं, खरंय. पण ते पहिलं पाऊल नको. सेल काढला की बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या प्रोग्रॅममधली, सगळी सेटिंगं मूळ जागी जातात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, सॅटा (डिस्क जोडायचा मार्ग) कोणत्या मोडवर, सगळं पुसलं जातं. एका गोष्टीचा शोध चालू असताना दुसरी गोष्ट आपणच बदलली तर मूळ दोष कुठला आणि नवा कुठला हे कळत नाही. नव्या लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपवर तर आणखी जपायला हवं. त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर बायोसचं सेटिंग हललं की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती बऱ्याच जणांना कुठे आहे तेच माहीत नसतं.

विजयनगरचा_विजू :
काका, पटलं बिटलॉकरचं. पण चौथ्या पिढीच्या आय-३ वर कोण बिटलॉकर लावतं? जुन्या मशीनवर मी तरी आधी सेलच काढतो.

राजवाडा_गल्ली :
सफाईचा विषय निघालाय म्हणून. आमचं दुकान राजवाड्याजवळ आहे आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, आमच्या दारावरून जाते. शटर खाली असतं तरी गुलाल आत येतोच. एका वर्षी कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. उघडला तर हीटसिंकच्या पात्या मुळापर्यंत गुलाबी. पात्यांच्या मधोमध गुलाल आणि धूळ मिळून पापुद्रा झाला होता, टाचणीने उचलला तर अख्खा निघाला. गुलालाचे कण इतके बारीक की ब्रशने जात नाहीत, उलट आत बसतात. तेव्हापासून गेरच्या आदल्या दिवशी मशीनला प्लग काढून चादर घालतो आणि दुसऱ्या दिवशी चादर दुकानाबाहेर नेऊन झटकतो.

स्वाती_बडोदा :
गुलालावरून आठवलं, हँड ब्लोअरबद्दल एक सांगू का? ब्लोअर चालवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. वाऱ्याने पंखा त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते, ती उलटी बोर्डकडे जाते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर स्थिर वीज साठते, म्हणून तो बोर्डच्या जवळ नको. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेणारे लोक मी इथे बडोद्यात बघते. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, हवेबरोबर थेंब येतात. नकोच ते.

अवंतीताई, डिस्कबद्दल निर्धास्त राहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात तळमजल्यावर कॉम्प्युटर पाण्यात होता. बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही गेले. डिस्क मात्र कोणीही घाईने चालू करून बघितली नाही, सरळ डेटा काढून देणाऱ्यांकडे दिली, आणि फोटो परत मिळाले. ओली डिस्क चालू करून बघणं सगळ्यांत घातक. तुमच्याकडे तर पाण्याचा प्रश्नच नाही.

मीटरवाला :
घरात मल्टिमीटर असेल तर एसएमपीएस तपासून घ्या. पिवळ्या तारेवर १२, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी ५ व्होल्ट. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ ची तार ११.४ ते १२.६ मध्ये हवी. मीटर नसेल तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डवरून काढून त्यातली हिरवी आणि शेजारची काळी तार स्टेपलच्या पिनने जोडा, पंखा फिरला की एसएमपीएस चांगला.

लष्करकर :
मीटरवाले, आकडे अगदी बरोबर. पिनच्या चाचणीने मात्र एवढंच कळतं की एसएमपीएस उठतो. भार आल्यावर तो टिकेल का हे कळत नाही. शिवाय अवंतीताईंकडे पंखे आधीच फिरतायत, त्यामुळे त्यातून नवीन माहिती मिळणार नाही. आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा कोणीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ जबरदस्त व्होल्टेज राहतं. धूळ काढायची तर बाहेरच्या जाळीतून.

अवंती_इंदूर :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने आणि मी बसून सगळं केलं. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते आणि लष्करकर काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवत होते.

चार पिनांचा कनेक्टर घट्ट आहे. २४ चाही. सुटा स्क्रू कुठे नाही. हीटसिंकच्या चारही खुंट्या खाली आहेत. रॅम काढून दोन्ही कडांच्या क्लिपा टक् वाजेपर्यंत दाबून लावली. फरक नाही, पंखे तसेच चालू-बंद.

एक सांगायचं राहिलं, विजूंचा प्रतिसाद आधी वाचला होता म्हणून यांनी दुपारीच सेल काढून परत लावला होता. त्याने काही झालं नाही. रॅमच्या चार जोड्या आज करतो.

विजयनगरचा_विजू :
हात्तिच्या! ठीक आहे, दहापैकी ती दहावी वेळ निघाली. काका, आता पुढचं तुम्हीच सांगा.

लष्करकर :
हरकत नाही. सेल निघालाय हे फक्त लक्षात ठेवा, पुढे स्क्रीन आली की बायोस बघावं लागेल.

जोड्या करण्याआधी दोन्ही पट्ट्या काढून एकदा बटन दाबा. रॅम अजिबात नसताना पंखे असेच चालू-बंद होत असतील, तर आत्ताही बोर्डाला रॅम दिसत नाहीये असं धरायला हरकत नाही. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर लावलेला असता तर त्याने लांब बीप देऊन हेच सांगितलं असतं. आजकाल बऱ्याच कॅबिनेटांत तो येतच नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतो, ज्यांच्याकडे जुनं मशीन आहे त्यांनी लावून ठेवावा.

रामबागकर :
रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या का? आमच्याकडे सगळे तेच करतात.

लष्करकर :
पांढरा मऊ खोडरबर असेल तर हलक्या हाताने चालतो, पण मशीनपासून लांब बसून. आणि घासल्यावर चुरा पूर्ण झटकून, पुसून मगच लावायची. तो चुरा स्लॉटमध्ये गेला की एका दोषाचे दोन होतात. पट्टीवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, दर दिवाळीला घासायची गोष्ट नव्हे ती. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. खिडकीच्या काचा पुसायचं निळं पाणी तर अजिबात नको.

जेलरोडचा_टेक्निशियन :
मी इथे सहसा नुसता वाचतो, पण दुकानदारांवर बोललं गेलं म्हणून लिहितोय. मी इंदुरातच दुरुस्ती करतो. 'बोर्ड गेला' असं न तपासता सांगणं चूकच, त्याची बाजू घेत नाही. पण आमच्या बाजूचं पण ऐका. खात्रीने सांगायचं तर माझ्याकडे चालू असलेली डीडीआर३ रॅम हवी, त्याच सॉकेटचा चालू प्रोसेसर हवा, एक एसएमपीएस हवा. एक-एक बदलून बघायला तास-दीड तास जातो. तपासणीचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे कसले पैसे? मग काही जण सोपा रस्ता धरतात. दुकानात नेताना सरळ विचारा की तपासणीचे वेगळे किती घेणार, आणि कोणता भाग कशावरून खराब ठरवला ते दाखवाल का. प्रामाणिक माणूस टेबलावर मशीन चालवून दाखवतो.

स्वाती_बडोदा :
टेक्निशियन भाऊ, एकदम पटलं. डॉक्टरांची फी आपण औषध मिळालं नाही तरी देतोच की.

सराफ्याचा_भुट्टा :
+१. आणि अवंती वहिनी, निकाल काय लागला? आमच्या घरात सगळे विचारतायत.

अवंती_इंदूर :
सापडलं! घाईघाईने लिहितेय.

दोन्ही पट्ट्या काढून बटन दाबलं तर तंतोतंत तेच, पंखे चालू-बंद. मग प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये पहिली पट्टी लावली, तेच. दुसरी पट्टी लावली, तेच. लांबच्या स्लॉटमध्ये पहिली पट्टी लावली आणि मॉनिटरवर कंपनीचं चित्र आलं! दुसरी पट्टी तिथे लावली, तरी आलं. म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या आणि दोष जवळच्या स्लॉटमध्ये.

मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून त्या स्लॉटमध्ये पाहिलं. खाचेच्या तळाशी, मधल्या आडकाठीच्या थोडं अलीकडे, ब्रशचा एक काळा केस आडवा पडला होता आणि त्याला धुळीचा राखाडी गोळा चिकटला होता. त्याच्याखालच्या दोन-तीन सोनेरी पिना पूर्ण झाकलेल्या. ब्लोअरने तो बाहेर यायच्या ऐवजी आत सरकला असावा. लाकडी टूथपिकने केस हलकेच वर आणला, चिमट्याने काढला, मग मऊ ब्रशला आयसोप्रोपिल लावून स्लॉट साफ केला, वाळू दिला. आता दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत आणि बायोसमध्ये ८ जीबी दिसतंय.

पण विंडोज येत नाहीये. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' अशी ओळ येते. सासरे पुन्हा गप्प झालेत. डिस्क गेली का?

लष्करकर :
नाही, नाही. डिस्क गेलेली नाही, ही सेल काढल्याची खूण आहे. तुमच्याकडे दोन डिस्क आहेत. सेटिंगं पुसली गेल्यावर बायोस आता १ टीबीच्या डिस्कवर विंडोज शोधतोय, आणि विंडोज आहे एसएसडीवर.

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोसमध्ये जा. आधी बघा दोन्ही डिस्कची नावं दिसतायत का. एसएसडीचं नाव नसेल तर सॅटाची चपटी तार आणि तिची पॉवरची तार दोन्ही बाजूंनी दाबा, सफाईत त्या सहज ढिल्या होतात. नाव दिसत असेल तर बूटच्या पानावर एसएसडी पहिल्या क्रमांकावर घ्या, एफ१० ने जतन करून बाहेर या. सॅटाच्या मोडला हात लावू नका. विंडोज निळा पडदा दाखवून थांबलं तरच मोडचा विचार करू.

आणि तिथेच तारीख-वेळ बरोबर करा. ती चुकीची असली तर विंडोज चालू होईल, पण ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून अडवेल.

अवंती_इंदूर :
काका, विंडोज आलं! दोन्ही डिस्कची नावं दिसत होती, फक्त क्रम उलटा होता. सासऱ्यांनी पहिलं काय केलं असेल तर वंशावळींचं फोल्डर उघडून शेवटच्या घराण्याची फाइल पाहिली, आणि मग माझ्या हातात त्यांच्या कपातला अर्धा चहा दिला. आमच्या घरात हा फार मोठा मान आहे.

जेलरोडचा_टेक्निशियन :
अभिनंदन! बटन सेल मात्र नवा टाका, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये जुना उतरलेलाच असणार. नाहीतर लाइट गेली की तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा जाईल आणि हाच धागा परत वर येईल.

मीटरवाला :
स्लॉटमधल्या केसाचा फोटो काढला असता तर धाग्याला शोभा आली असती. शंका : एका स्लॉटमध्ये कचरा होता तर दुसऱ्या स्लॉटमधल्या रॅमवर मशीन चालायला हवं होतं ना?

लष्करकर :
चांगला प्रश्न. दुसरी पट्टी चांगली असली तरी कचऱ्याच्या स्लॉटमध्येही पट्टी लावलेलीच होती. ती अर्धवट जोडलेली, काही पिना लागल्या, काही नाही. बोर्ड रॅम तपासायला लागतो आणि तिथेच अडखळतो. तो स्लॉट रिकामा ठेवला की चालतो. म्हणूनच चारही जोड्या करायला सांगितल्या. नुसती रॅम काढून त्याच जागी लावत राहिलो असतो तर शेवटी चांगल्या पट्ट्या फेकून नव्या आणल्या असत्या, आणि त्याही त्या स्लॉटमध्ये चालल्या नसत्या.

विजयनगरचा_विजू :
काका, मानलं. पुढच्या वेळी सेल शेवटी.

राजवाडा_गल्ली :
आता पुढचा प्रश्न. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हे मशीन त्यात बसत नाही. मग एवढी दुरुस्ती करून उपयोग काय? माझ्या मते नवा सेट घ्यायला दुकानदाराने सांगितलं ते कारण चुकीचं असलं तरी सल्ला बरोबर होता.

रामबागकर :
पूर्ण असहमत. हे मशीन एका कामासाठी आहे. जुन्या फॉन्टमधल्या फायली उघडणं, स्कॅन करणं, छापणं. इंटरनेट काढून ठेवा, बाहेरचे पेन ड्राइव्ह लावताना काळजी घ्या, अजून पाच वर्षं चालेल. बँकेची कामं आणि मेल दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर करा. मोडी सनदांना टीपीएम लागत नाही.

राजवाडा_गल्ली :
रामबागकर, इंटरनेट काढून ठेवायचं हे मान्य, पण घरात तसं राहत नाही. आज नाही तर उद्या कोणीतरी काहीतरी डाउनलोड करायला जोडतंच. आणि दहा वर्षं जुन्या डिस्कवर एवढा संग्रह? तो बोर्ड आज वाचला, डिस्क उद्या कशावरून राहील?

स्वाती_बडोदा :
दोघांचंही थोडं थोडं घेते. मशीन राहू दे, पण संग्रह फक्त तिथेच नको. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पुरानंतर आमच्याकडे सगळ्यांनी घराबाहेरच्या प्रतीचं महत्त्व ओळखलं. ज्यांची बाह्य डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती त्यांच्या दोन्ही डिस्क एकदमच पाण्यात गेल्या.

दुसरं, जुन्या फॉन्टचं. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून आपल्या फॉन्टचाच लागतो. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. वंशावळीत नावंच सगळी, तिथे एक वेलांटी बदलली तरी माणूस बदलतो. तेव्हा बदललेली प्रत मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या. आणि मशीन चालू आहे तोवर सगळ्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आतच बसवून. त्या कुठेही जशाच्या तशा दिसतील.

अवंती_इंदूर :
स्वातीताई, पीडीएफचं सासऱ्यांना फार आवडलं. आजच सुरू करतायत. २ टीबीची बाह्य डिस्क मागवली आहे. एक प्रत नणंदेकडे उज्जैनला ठेवणार. आधी डिस्कची तब्येत तपासू की आधी कॉपी करू?

लष्करकर :
आधी कॉपी. तपासणीत डिस्कला बरेच तास सलग काम करावं लागतं. ती कमकुवत असेल तर तिचे उरलेले तास तपासणीत घालवू नका, फायली काढण्यात घालवा. त्यातही आधी वंशावळी आणि सनदा, म्हणजे ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही ते. गाणी-सिनेमे शेवटी. कॉपी झाली की मग डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. त्यात 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) आणि 'पेंडिंग' (संशयित) सेक्टरांचे आकडे शून्य असले तर उत्तम. पेंडिंग वाढत असतील तर त्या डिस्कवर नवीन काही साठवू नका.

रामबागकर :
अवांतर : वंशावळींत देवासची घराणी आहेत का? आमचे पणजोबा तिथल्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते असं घरात सांगतात, कागद मात्र एकही नाही.

अवंती_इंदूर :
सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या दोन्ही पातींमधल्या काही कुटुंबांचे कागद आहेत, धारचेही आहेत. आडनाव आणि मूळ गाव व्यक्तिगत निरोपात कळवा, ते बघून सांगतील.

स्वाती_बडोदा :
आणि जे कागद पुढे स्कॅन होतील ते निदान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, टिफ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. मोडीची शाई फिकट असते, काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये बारीक फराटे उडून जातात. लोकांना पाठवायला जेपीजी वेगळी करावी.

अवंती_इंदूर :
हे त्यांना वाचून दाखवलं. 'म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे काळे-पांढरे स्कॅन पुन्हा करावे लागतील,' म्हणाले आणि कोणाकोणाच्या घरी परत जायचं त्याची यादी करायला बसलेत.